दीक्षित, दिवेकर आणि शिंप्याची टेप

सकाळी सहाला वाकडच्या दत्त मंदिर रस्त्याला लागलं की आधी दिसतात ते चालणारे. मनगटावर घड्याळ, कानात इअरफोन, नजर अधूनमधून पावलांच्या आकड्यावर. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनची रात्रपाळी संपत आलेली असते. पहिल्या मजल्यावरच्या जिमच्या काचेमागे ट्रेडमिलवर माणसं पळत असतात आणि खाली पोह्यांच्या गाडीवर पातेल्याचं झाकण निघतं. तासाभरात हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्या भूमकर चौकात तुंबायला लागतात. स्वतःच्या शरीरासाठी वाकडकराच्या हाती उरतो तो एवढाच वेळ. या वेळात त्याने काय करावं, काय खावं आणि काय सोडावं हे सांगणारे मात्र चहूबाजूंनी आहेत.

जिमचा ट्रेनर सांगतो, भात बंद. ऑफिसमधला सहकारी बारा किलो उतरवून बसलेला असतो, त्याच्या मते नाश्ता बंद. कोल्हापूरच्या जाऊबाई जिऱ्याच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनी डब्यातली पावडर घोळून शेक देतात आणि सोबत ‘आमच्या क्लबमध्ये या’ असंही सांगतात. फॅमिली डॉक्टरांकडे बाहेर वीस पेशंट ताटकळत असतात, ते रक्तदाब मोजता मोजता म्हणतात, “वजन कमी करा जरा.” यातला जवळजवळ प्रत्येक जण मनापासून बोलत असतो. स्वतःपुरतं त्याचं खरंही असतं. म्हणूनच निवड अवघड होते. लबाड माणूस ओळखायला आपण थोडंफार शिकलेलो असतो, पण स्वतःच्या अनुभवाने भारावलेल्या प्रामाणिक माणसाचा सल्ला आपल्याला लागू पडेल की नाही, हे ओळखायला कुणी शिकवलेलं नसतं.

महाराष्ट्राने हा पेच सामुदायिकपणे अनुभवला आहे. २०१८-१९च्या सुमारास घराघरांत एकच वाद होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित हे सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक, तेव्हा लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे. त्यांच्या पद्धतीचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणात आहे. अनेक पदव्या मिळवणारे, विशीतच आमदार झालेले जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले, पण त्यांचा आहारविचार दीक्षितांनी गावोगाव नेला. सांगणं सुटसुटीत होतं. खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि ते वाढलेलं असताना शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही. म्हणून कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, गोड टाळा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा.

ऋजुता दिवेकरांचं सांगणं ऐकायला अगदी उलट. करीना कपूरच्या आहारतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव झालं आणि २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने ते घरोघरी पोचलं. उठल्यावर आधी चहा घेऊ नका, काहीतरी खा. दर दोन तासांनी थोडं थोडं खा. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन तास आधी उरका. तूप, भात, केळं, शेंगदाणे यांना घाबरू नका. आजी खात होती ते खा.

एक म्हणतो दोनदा, दुसरी म्हणते दर दोन तासांनी. लोकांनी बाजू घेतल्या, नवरा-बायकोंत दोन पक्ष पडले. दीक्षितांना शासनाच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत म्हणून नेमलं गेलं तेव्हा मधुमेहतज्ज्ञांनी जाहीर आक्षेप घेतले. या गदारोळात दोघांचं जे सारखं होतं ते कुणी फारसं बोललं नाही. पाकिटातलं खाऊ नका, साखरेची पेयं सोडा, घरचं जेवा, हातपाय हलवा, हे दोघंही सांगत होते. ऑफिसात दिवसातून पाच वेळा दुधासाखरेचा चहा आणि प्रत्येक चहाबरोबर दोन बिस्किटं घेणारा माणूस यातल्या कुणाचंही निष्ठेने ऐकू लागला, तर त्याच्या पोटातली बरीच साखर कमी होते. वजन उतरतं आणि श्रेय ५५ मिनिटांना किंवा तुपाला जातं.

शास्त्राने या वादाचं काय केलं? प्रागमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना बारा आठवडे दिवसातून सहा वेळा आणि बारा आठवडे दोनच वेळा जेवायला दिलं. एकूण उष्मांक दोन्ही वेळा सारखे. दोनदा जेवताना सरासरी ३.७ किलो उतरले, सहादा खाताना २.३. दीक्षितांच्या चाहत्यांना आनंद व्हावा असाच निकाल, पण त्यातली दोन जेवणं म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. वाकडमध्ये दुसरं जेवण बहुतेक घरांत रात्री साडेनऊ-दहाला होतं. पुढे २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझौ इथे १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर अभ्यास झाला. सगळ्यांनी उष्मांक कमी केले. त्यातल्या निम्म्यांनी शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खायचं होतं. वेळ पाळणाऱ्यांचे ८ किलो उतरले, न पाळणाऱ्यांचे ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही.

सगळ्यात बोलका अभ्यास अमेरिकेतला, २०१८चा. ६०९ माणसं, एका गटाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. वर्षाअखेरीस सरासरी ५.३ आणि ६ किलो, म्हणजे जवळपास बरोबरी. पण प्रत्येक गटाच्या आत डोकावलं तर काहींचं २५ किलोंहून जास्त उतरलेलं आणि काहींचं उलट वाढलेलं. एकच सल्ला, तेच मार्गदर्शक, तेवढाच काळ, आणि निकालात एवढी तफावत. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर २५ किलोवाला आपला फोटो टाकतो. ज्याचं वाढलं तो गुपचूप ग्रुप सोडतो. ग्रुप वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्यांनाच गुण येतोय.

पहिल्या आठवड्याचंही एक गौडबंगाल आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं, भात-पोळी सोडली की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. आठ दिवसांत दीड-दोन किलो खाली! काटा खोटं बोलत नाही, पण उतरलेलं बरंचसं पाणी असतं. उपास कुठलाही करा, शेक कुठलाही प्या, हे घडणारच. म्हणून ‘आठवड्यात फरक दिसेल’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचा शब्द नेहमी खरा ठरतो आणि त्याच्यावर विश्वास बसतो. पुन्हा दोन दिवस लग्नाचं जेवण झालं की ते पाणी परत येतं. तेव्हा दोष मात्र जेवणाऱ्याच्या माथी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग सांगितला आहे. जाहिरातीत छापावा असा हा आकडा नाही, पण वर्षभरात त्याने वीसेक किलोंचा फरक पडू शकतो.

आता काट्याकडेच वळायला हवं, कारण त्याच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जगाला पुण्याने सांगितली आहे आणि ती वाकडपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात सापडली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक तिथे मधुमेहावर काम करतात. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पिढीभर चालणारा अभ्यास हाती घेतला. गावातल्या बाळाचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५. पुण्याचं बाळ हाडामासाने बारीक, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. जन्मतःच दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर आपलेच दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीचा वर्ग यांचं गुणोत्तर, अगदी एक: २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघंही निरोगी. मग अंगातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. अख्ख्या वैद्यकविश्वाला कळायला दोन फोटो पुरले. भारतीय माणसाचा धोका वजनकाट्यावर उशिरा दिसतो, पोटावर लवकर. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा असं धरतात.

कंबर मोजायची टेप दहा-वीस रुपयांना मिळते, शिंप्याकडे असते तीच. उघड्या अंगाला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता ती धरायची. पॅन्टचा नंबर हे माप नव्हे; पॅन्ट पोटाखाली बांधता येते. ज्याचं वजन ६८ किलो आणि कंबर ९६ सेंटिमीटर, त्याला ट्रेनर ‘तुम्ही तर फिट आहात, बल्किंग (वजन वाढवणं) करूया’ म्हणाला, तर तो ट्रेनर काय मोजतोय हे तिथेच कळतं.

जिममध्ये मोजायला यंत्रही असतं. अनवाणी उभं राहायचं, दोन्ही हातांनी दांडे धरायचे, अर्ध्या मिनिटात कागद बाहेर येतो: चरबी ३१ टक्के, चयापचयाचं वय ५२. समोरचा माणूस ३७ वर्षांचा असतो. त्याचा चेहरा उतरतो आणि नेमकं त्याच क्षणी वर्षभराचं पॅकेज पुढे येतं. हे यंत्र अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं, त्याला किती अडथळा झाला यावरून अंगातलं पाणी ताडतं आणि त्यावरून गणिताने चरबी काढतं. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलं, नुकताच घाम गाळला, पोटभर जेवण झालं, तरी आकडा हलतो. त्याच वेळी, त्याच स्थितीत महिन्या-महिन्याने मोजलं तर दिशा कळायला त्याचा उपयोग आहे. एका कागदावर वय ५२ ठरवून माणसाला घाबरवणं हा दुकानदारीचा भाग झाला. पावलांच्या आकड्याचंही तेच. रोजची दहा हजार पावलं हा नियम १९६५ मध्ये जपानी कंपनीने विकायला काढलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत साडेसात हजारांच्या पुढे जादा फायदा दिसला नाही. चालावं जरूर, पण आठ हजारांवर थांबलेल्या गृहिणीने रात्री अकराला हॉलमध्ये फेऱ्या मारत स्वतःला दोषी समजू नये.

इथवरच्या चुका पैशाच्या आणि हिरमुसण्याच्या. पुढची चूक जिवावर बेतते. वाकडमध्ये चाळिशीच्या पुढच्या अनेक घरांत मधुमेहाची गोळी असते आणि बऱ्याचदा त्या एका गोळीत दोन औषधं असतात: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. यातलं ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन वाढवतं. शेजाऱ्याचं ऐकून नाश्ता सोडला, गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली, आणि साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. बायपासवर गाडी चालवताना हे झालं तर? दीक्षित स्वतः सुरुवातीआधी तपासण्या करायला सांगतात. पण सल्ला तोंडातोंडी पोचतो तेव्हा त्यातलं पहिलं गळतं ते ‘कुणी करू नये’ हे वाक्य.

‘मधुमेह मुळापासून घालवा’ असं सांगणाऱ्या पाट्यांनाही हेच लागू. ब्रिटनमधल्या २०१७च्या गाजलेल्या अभ्यासात कडक आहाराने वर्षभरात ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना आटोक्यात आली, हे खरं आहे आणि आनंदाचं आहे. पण त्यात मधुमेह सहा वर्षांपेक्षा जुना नव्हता, इन्सुलिन घेणारे घेतलेच नव्हते, औषधं डॉक्टरांनी थांबवली होती आणि दुसऱ्या वर्षी आकडा ३६ वर आला होता. पाटीवर यातलं काहीच मावत नाही.

मग विकणाऱ्यांचं काय करायचं? १९५४ पासून देशात औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ज्या रोगांवरच्या औषधाची लोकांत जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही आहे. रिक्षाच्या मागे ‘१५ दिवसांत पोट गायब’ असं चिकटवून औषध विकणारा सत्तर वर्षांपूर्वीच्या या कायद्याच्या कचाट्यात सापडतो. म्हणूनच शेकच्या डब्यावर औषध हा शब्द नसतो. तो खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो आणि त्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक बोट ठेवून दाखवला जातो. तो क्रमांक पदार्थ विकायची परवानगी सांगतो. त्याने वजन उतरतं असं तो सांगत नाही. प्रोटीन पावडरीबद्दलही भाबडेपणा नको. भारतात मिळणाऱ्या ३६ पावडरी तपासून २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली.

शेकच्या क्लबमध्ये एक गोष्ट मात्र खरोखर चांगली असते: कुणीतरी रोज वाट पाहत असतं. गाव सोडून फ्लॅटमध्ये आलेल्या बाईला सकाळी सातला नावाने हाक मारणाऱ्या दहा जणी मिळतात, दर आठवड्याला वजन नोंदलं जातं, कौतुक होतं. वजन उतरण्यात या सोबतीचा वाटा मोठा असतो. ती सोबत सोसायटीच्या बागेत फुकट जमवता येते. पण क्लबमध्ये महिन्याभरात ‘आता तुम्हीही कोच व्हा’ असा आग्रह सुरू होतो आणि कालची ग्राहक आज सल्लागार बनते. तिचं शिक्षण वेगळं, तिला मिळालेलं प्रशिक्षण डबे विकण्याचं, आणि तिच्यासमोर बसलेल्या बाईला थायरॉईड आहे की मूत्रपिंडाचा त्रास, हे विचारायचं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

शिक्षण विचारण्यात उद्धटपणा नाही. ऑगस्ट २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना आहेत: समाजमाध्यमांवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता सांगितली पाहिजे, आणि डॉक्टर नसेल तर हा सल्ला वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही हेही सांगितलं पाहिजे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञ आले आहेत. इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही मान्यता देते. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्रही फ्रेममध्ये तेवढंच छान दिसतं, म्हणून फ्रेमच्या जवळ जाऊन वाचावं.

आयटी येण्याआधी हिंजवडी-वाकडच्या पट्ट्यात शरीराचा सल्ला तालमीत मिळायचा. वस्तादाला पोराचं घर ठाऊक असायचं, गोठ्यात म्हैस आहे की नाही ठाऊक असायचं. आज किती जोर, उद्या किती बैठका आणि खुराक किती, हे तो रोज पोराकडे बघून ठरवायचा. चुकलं तर उद्या पहाटे तोच पोरगा समोर उभा. मात्र त्याच वस्तादाचा खुराक कुस्ती सुटल्यावर अंगलट येतो, हेही या गावांनी पाहिलं आहे. आखाडा सुटला, दूध-बदाम-थंडाई सुटली नाही, आणि तिशीत दगडासारखं असलेलं अंग चाळिशीत सैल पडलं. माणूस तोच, खाणं तेच, फक्त काम बदललं.

सल्ल्यांच्या या गर्दीत मार्च २०२५ पासून भारतात वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आली आहेत. त्यांचा गुण चाचण्यांत सिद्ध झालेला आहे. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोनतृतीयांश परत आलं. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत. जिममध्ये कुणी ती देऊ करत असेल तर तिथून त्याच दिवशी नाव काढावं.

सल्ला आपल्याला लागू पडतो का हे पाहायला सेकंड शिफ्टचा चाकणचा कामगार घ्या. कंपनीची बस त्याला डांगे चौकात सोडते तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. कॅन्टीनमध्ये रात्री आठला तो जेवलेला असतो, पण घरी ताट झाकून ठेवलेलं असतं आणि बायको जागी असते. झोपण्याआधी दोन तास जेवा, हे त्याला जमणारं नाही. दोनदाच जेवा म्हटलं तर कुठली दोन? पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, त्याच्या पुढच्या आठवड्यात नाईट. अशा माणसाने औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात साखर तपासून घ्यावी. आहारतज्ज्ञासमोर बसताना तीन आठवड्यांच्या तीन शिफ्टचं वेळापत्रक, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कंबरेचं माप कागदावर न्यावं. समोरच्याने तो कागद हातात घेऊन पहिला प्रश्न “घरी किती वाजता पोचता?” असा विचारला, तर तिथे थोडं जास्त वेळ बसावं. कागद बाजूला सरकवून छापील डाएट चार्ट पुढे केला, तर बाहेर पडून दुसरं दार शोधावं.